नकोशा पाण्याची कुळकथा

चीनच्या सिचुआन प्रांतात झिगाँग इथे शेनहाय नावाची विहीर आहे. बांबूच्या दोराला लोखंडी पहार बांधायची, उचलायची, आदळायची, असं तपभर चाललं आणि १८३५ साली ही विहीर १,००१ मीटर खोल गेली. एवढी खोल विहीर तोवर जगात कुणी खणली नव्हती. हा सगळा खटाटोप कशासाठी? खाऱ्या पाण्यासाठी. त्याच्याबरोबर नैसर्गिक वायूही वर येई. तो बांबूच्या नळ्यांतून नेऊन कढयांखाली पेटवायचा, पाणी आटवायचं आणि मीठ विकायचं. मालक पाणी होतं आणि वायू त्याचा चाकर.

अमेरिकेत अशा विहिरींची सुरुवातही मिठापासूनच झाली. आज पश्चिम व्हर्जिनियात असलेल्या कनावा नदीकाठी रफनर बंधूंनी १८०८ साली सायकमोर झाडाचं पोकळ खोड जमिनीत उतरवलं, त्यातून खडकाला भोक पाडलं आणि खारं पाणी काढलं. त्या खोऱ्यात पुढे मिठाच्या भट्ट्यांची रांगच लागली. पाण्याबरोबर येणारं तेल ही कटकट होती. ते सरळ नदीत सोडून देत, म्हणून नावाडी त्या नदीला ‘तेलकट म्हातारी’ अशा अर्थाच्या नावानं हाक मारू लागले. वायूचं नशीब थोडं बरं होतं. १८४१ साली विल्यम टॉम्पकिन्स यांनी तो भट्टीत जाळायला घेतला.

मग १८५९ साली पेनसिल्व्हेनियात टायटसव्हिलला एडविन ड्रेक यांच्या विहिरीला तेल लागलं. ती खणणारे बिली स्मिथ हे मिठाच्या विहिरींची अवजारं घडवणारे लोहार. म्हणजे अवजारं तीच, हातही तेच, फक्त मागणी फिरली. आता तेल आणि वायू हवे झाले आणि ज्याच्यासाठी ही विद्या जन्मली ते खारं पाणी नकोसं झालं. कालची कटकट आज धनी आणि कालचा धनी आज कचरा, असा हा उलटा न्याय.

कचरा म्हटलं की तो टाकायचा कुठे हा प्रश्न आलाच. पहिलं उत्तर ओढे, नाले आणि उघडे खड्डे. शेतं खारावली, विहिरी नासल्या, तेव्हा दुसरं उत्तर निघालं: जिथून आलं तिथेच परत ढकला. पूर्व टेक्ससच्या तेलक्षेत्रात १९४२ साली केवळ या कामासाठी कंपनी निघाली. तिथे तेलाखालचा दाब टिकवण्यासाठीही ते पाणी उपयोगी पडलं. या पाण्याचा मोठ्या प्रमाणावरचा पुनर्वापर म्हणावा तर तो हाच, आणि त्यामागे पर्यावरणाचा कळवळा नव्हता, तेलाचा हिशेब होता.

कायदा आला तो १९७० च्या दशकात. १९७४ च्या पेयजल कायद्यानं जमिनीत पाणी ढकलणाऱ्या विहिरींवर देखरेख आणली. १९७९ च्या नियमानं जमिनीवरच्या तेल-वायू विहिरींचं पाणी नदीनाल्यांत सोडायला बंदी केली, पण एक मजेशीर फट ठेवली. ९८ व्या रेखांशाच्या पश्चिमेला, म्हणजे कोरड्या मुलखात, पाणी गुराढोरांना वा शेतीला चालण्याजोगं असेल तर सोडता येईल. एकच पाणी रेषेच्या अलीकडे दूषित आणि पलीकडे उपयुक्त! हसू येतं खरं, पण वायोमिंगच्या गुराख्याला त्यात काही चुकीचं वाटणार नाही.

खरी मेख १९८० साली मारली गेली. टेक्ससचे सिनेटर लॉइड बेंटसन यांच्या दुरुस्तीनं तेल आणि वायूच्या उत्पादनातून निघणारं पाणी घातक कचऱ्याच्या कायद्यातून तूर्त वगळलं गेलं, अभ्यास होईपर्यंत. अभ्यास झाला आणि १९८८ साली केंद्रीय पर्यावरण संरक्षण संस्थेनं ती सूट कायम केली. तेव्हापासून या पाण्यात काय आहे यापेक्षा ते कुठून आलं, हाच प्रश्न कायद्याला मोठा वाटतो. हेच पाणी एखाद्या रसायन कारखान्यातून निघालं असतं, तर त्याची तपासणी वेगळ्या नियमानं झाली असती.

ही सूट किती महाग पडू शकते ते मार्सेलस शेलनं दाखवलं. पेनसिल्व्हेनियाखालचा हा खडक सुमारे ३९ कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचला. २००४ साली पिट्सबर्गजवळ फ्रॅकिंग करून त्यातला वायू काढता येतो हे सिद्ध झालं. एका आडव्या विहिरीत दीड-दोन कोटी लिटर पाणी, वाळू आणि रसायनं दाबानं घालायची आणि खडक तडकवायचा. त्यातलं काही पाणी परत येतं, ते खडकातले क्षार घेऊन. समुद्राच्या लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ असतं, यात २०० ग्रॅमच्या वर जाऊ शकतं. शिवाय बेरियम, ब्रोमाइड आणि रेडियम.

टेक्ससमध्ये हे जमिनीखाली ढकललं असतं. पेनसिल्व्हेनियात तशा विहिरी बोटांवर मोजण्याइतक्या. म्हणून टँकर निघाले सांडपाणी केंद्रांकडे, ज्यांना मीठ काढताच येत नाही. मैला खाऊन टाकणारे जिवाणू मीठ खात नाहीत. २००८ च्या शरदात मोनोंगहेला नदीत क्षारांनी मर्यादा ओलांडली. कोळसाखाणींच्या पाण्याचाही त्यात वाटा होता, पण आधीच भरलेल्या नदीत आणखी ओतायला जागा नव्हती. ब्रोमाइडची क्लोरीनशी गाठ पडली की पिण्याच्या पाण्यात अपायकारक संयुगं बनतात, ही धास्ती वेगळीच. २०१० साली राज्यानं प्रक्रिया केलेल्या पाण्यासाठी लिटरला ५०० मिलिग्रॅम क्षारांची मर्यादा घातली, जुन्या केंद्रांना मात्र सूट दिली. एप्रिल २०११ मध्ये त्या केंद्रांकडे पाणी पाठवू नका अशी विनंती कंपन्यांना झाली. विनंतीच, पण ती पाळली गेली. सार्वजनिक सांडपाणी केंद्रांबाबत केंद्रीय बंदी यायला २०१६ उजाडलं.

दार बंद झालं तसा पुनर्वापर वाढला. तोवर फ्रॅकिंगला गोडच पाणी लागतं अशी समजूत होती. मग खाऱ्यातही काम करणारी घर्षणरोधक रसायनं आली आणि एका विहिरीचं पाणी गाळून, पातळ करून पुढच्या विहिरीत जाऊ लागलं. उरलेलं शेजारच्या ओहायोत, खोल विहिरींत. तिथे ३१ डिसेंबर २०११ ला यंग्सटाउनला ४ च्या आसपास तीव्रतेचा भूकंप झाला आणि तो अशाच एका विहिरीशी जोडला गेला. जमिनीत पाणी ढकललं की जुन्या भेगा सरकतात, हे डेन्व्हरजवळच्या लष्करी रसायन कारखान्याच्या विहिरीनं १९६० च्या दशकातच दाखवून दिलं होतं.

एवढ्यावरून ‘आम्ही बहुतेक पाणी पुन्हा वापरतो’ हा कंपन्यांचा दावा खोटा ठरत नाही, पण अपुरा ठरतो. पाणी पुन्हा वापरायला नवी विहीर हवी. विहिरी खणणं थांबतं, तेव्हाही जुन्या विहिरी वर्षानुवर्षं पाणी ओकत राहतात. तेव्हा असा दावा वाचलात की दोन गोष्टी विचारा: यंदा नव्या विहिरी किती खणल्या, आणि गाळून उरलेला रेडियमचा गाळ कुठे टाकला?