एका संकरित द्राक्षाची कुळकथा

महाराष्ट्राबाहेर राहणारे आपण लोक द्राक्षाची कल्पना बहुधा थॉमसन सीडलेसवरून करतो. लांबट, हिरवट-पिवळा, बिनबियांचा मणी म्हणजे द्राक्ष! येथे अहिवाऱ्यासारख्या लहान गावीही उन्हाळ्याच्या तोंडाशी गाडीवर दिसतो तो घड याच वळणाचा असतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने निपजविलेली ‘एआरआय-५१६’ ही जात मात्र या कल्पनेत बसत नाही. तिचा मणी काळसर, आणि आत चक्क बी.

ज्या शंकर पुरुषोत्तम आघारकरांचे नाव या संस्थेस आहे, त्यांचे आयुष्य आपणांस परके वाटू नये. १८८४ साली मालवणात जन्मलेला हा वनस्पतिशास्त्रज्ञ कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक झाला. अध्ययनासाठी जर्मनीत गेला असता पहिल्या महायुद्धामुळे तेथेच अडकला. आणि पुढे परतून कलकत्त्यासच नोकरीचा काळ संपेपर्यंत राहिला. १९४६ साली पुण्यात ‘महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी’ उभी राहिली, तिचे ते संस्थापक-संचालक. ते १९६० मध्ये निवर्तले आणि १९९२ मध्ये संस्थेला त्यांचे नाव मिळाले. हे द्राक्ष त्यांच्या हातचे नव्हे. ते पुढल्या पिढ्यांचे काम आहे. संशोधक सुजाता तेताली यांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे.

या जातीचे एक पालक ‘ब्यूटी सीडलेस’. हे युरोपीय कुळातले, विटिस व्हिनिफेरा जातीचे. दुसरे ‘कॅटॉबा’. अमेरिकेतील कॅरोलिनामधल्या एका नदीचे नाव घेऊन ते १८२० च्या दशकात जॉन अ‍ॅडलम याच्या खटपटीने प्रसिद्धीस आले, आणि पुढे सिनसिनाटीच्या निकोलस लाँगवर्थने त्यापासून फेसाळ मद्य करून नाव कमावले. कॅटॉबाची गणना विटिस लॅब्रुस्का या अमेरिकन रानवेलीच्या गोतात होते. पण त्याच्या अंगीही युरोपीय रक्त आहेच. म्हणजे हा संकराच्याच पोटी झालेला संकर!

एवढी उठाठेव कशासाठी? केवड्यासाठी. पानाच्या पाठीवर पांढरी बुरशी धरते, त्या रोगास आपले बागाईतदार केवडा म्हणतात. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर कोवळ्या फुटीवर परतीचा पाऊस पडला, की फवारणीच्या पंपावाचून शेतकऱ्यास गती नसते. हा रोग मूळचा अमेरिकेचा. १८७८ च्या सुमारास तो अमेरिकन वेलींबरोबर फ्रान्समध्ये शिरला आणि तेथील मळे उजाड करू लागला, तेव्हा मिलार्देने मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण पुढे आणले. परंतु रोग जिथला, त्याला दाद न देणाऱ्या वेलीही तिथल्याच. आपल्या जन्मभूमीत या बुरशीशी पिढ्यानुपिढ्या झुंजत त्या टणक झाल्या होत्या. कॅटॉबाकडून घ्यावयाचा होता तो हा टणकपणा. एआरआय-५१६ बुरशीला पुष्कळ अंशी दाद देत नाही, आणि छाटणीपासून ११० ते १२० दिवसांत पिकते. महाराष्ट्राबरोबर पंजाब, तेलंगण, तमिळनाडू आणि पश्चिम बंगाल येथील हवामानही तिला मानवते, असे २०२० मध्ये जाहीर झाले.

रस, मनुका, जॅम आणि तांबडे मद्य असे तिचे उपयोग सांगितले जातात. माझ्या मते यातला रसच तिचा खरा धर्म. बी त्यास आड येत नाही. बंगळुराच्या आसपास याचा दाखला आहेच. ‘बेंगळूर ब्ल्यू’ म्हणून जे काळे द्राक्ष तेथे पिकते, ते अमेरिकन ‘इझाबेला’च्या घराण्यातले. रसाकरिता त्याचा लौकिक आहे, आणि २०१३ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. गंमत अशी की, याच इझाबेलावर आणि तिच्या जोडीच्या पाच जातींवर फ्रान्सने १९३४ च्या अखेरीस बंदी घातली होती! कुलीन मद्याच्या देशास तो रानवट वास सोसला नाही.

आपल्याकडे अडचण वासाची नाही, बियांची आहे. शेतकऱ्याने फवारणीचा खर्च वाचवून ही बाग लावली, तरी माल उचलणारा रसाचा कारखाना जवळ हवा. नाहीतर तो घड पेठेत थॉमसनच्या शेजारी जाऊन बसणार, आणि गिऱ्हाईक पहिला मणी तोंडात टाकून बी थुंकणार.