अपवादाच्या कलमातला जिल्हा : प्रस्तावना

महाराष्ट्रातल्या मतदारसंघांची यादी नंदुरबारपासून सुरू होते. लोकसभेचा क्रमांक एक नंदुरबार, विधानसभेचा क्रमांक एक अक्कलकुवा. याच तालुक्यातल्या मणिबेलीकडे मतदान पथक निघते तेव्हा यंत्रे, शाईची बाटली आणि मतदार याद्या घेऊन त्याला नर्मदेच्या फुगवट्यातून बोटीने जावे लागते. राज्यघटना शिकवताना आपण मात्र संसदेपासून निघतो आणि पाड्यापर्यंत पोचायच्या आत तास संपतो. या पुस्तकात वाट उलटी धरली आहे. सुरुवात पाड्यापासून आहे.

विषय घटनादुरुस्त्यांचा आहे. मत कोणी द्यायचे, कारभार कोणी करायचा आणि हक्क कोणाच्या हाती असायचे, हे त्या कसे बदलतात ते पाहायचे आहे. नव्या वाचकाला हा प्रांत रुक्ष वाटण्याची शक्यता आहे. त्याने एक साधी युक्ती वापरावी. प्रत्येक दुरुस्तीसमोर दोन तारखा लिहाव्यात : ती दिल्लीत लागू झाली ती, आणि गावात पोचली ती. या दोन तारखांमधले अंतर हाच या विषयाचा गाभा आहे. अमेरिकेच्या पंधराव्या दुरुस्तीने १८७० मध्ये वंशाच्या कारणावरून मताधिकार नाकारण्यास मनाई केली, पण दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांना तो खरोखर बजावता येण्यासाठी १९६५ चा कायदा यावा लागला. आपल्याकडचे अंतर मोजायला सातपुड्यासारखी जागा नाही.

इथली गोष्ट १९५० च्या आधी सुरू होते. १९३५ च्या कायद्याखाली १९३६ साली निघालेल्या आदेशात पश्चिम खानदेशातला नवापूर पेटा, अक्राणी महाल आणि सहा मेवासी सरदारांची गावे ‘अंशतः वगळलेले क्षेत्र’ ठरली. सरदारांची नावे आदेशातच आहेत : काठी, नाल, सिंगपूर आणि नवलपूरचे पाडवी, गव्हाळीचे वळवी, चिखलीचे वसावे. हीच आडनावे आज मतदार यादीत आणि मतपत्रिकेवर भेटतात. त्या काळी कायदे मंडळाचा कायदा या मुलखात आपोआप लागू होत नसे. गव्हर्नर सांगेल तेव्हा आणि सांगेल त्या फेरफारांसह तो लागू होई. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीने हा क्रम फिरवला. आता कायदे लागू असतात आणि त्यांतून सूट द्यायची की बदल करायचे हे राज्यपाल ठरवू शकतात. महाराष्ट्राची अनुसूचित क्षेत्रे १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने नव्याने निश्चित झाली. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे तालुके पूर्ण, तर नंदुरबार आणि शहादा यांचा काही भाग त्यात आहे. त्या आदेशात जिल्ह्याचे नाव मात्र धुळे आहे, कारण नंदुरबार जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी.

मतदानाच्या प्रकरणात दोन धागे आहेत. पहिला सोपा : ६१ व्या दुरुस्तीने २८ मार्च १९८९ पासून मतदाराचे वय २१ वरून १८ झाले. दुसऱ्याबाबत गैरसमज फार आहेत. लोकसभा आणि विधानसभा यांतल्या राखीव जागांना कलम ३३४ ने मुळात दहा वर्षांची मुदत होती. नोकऱ्यांतल्या आणि शिक्षणातल्या आरक्षणाशी या मुदतीचा संबंध नाही, तरी चावडीवरच्या वादात ही सरमिसळ नेहमी ऐकू येते. मुदत सात दुरुस्त्यांनी वाढत गेली. शेवटची १०४ वी, आणि तिची हद्द २५ जानेवारी २०३० आहे. जिल्ह्याची लोकसभेची जागा आणि विधानसभेच्या चारही जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत, म्हणून ही तारीख इथे विशेष महत्त्वाची.

कारभाराच्या रचनेकडे वळले की खरी मौज सुरू होते. ७३ वी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली आणि देशभर पंचायतराजला घटनात्मक आधार मिळाला. पण तिच्यातले कलम २४३-ड नीट वाचा. हा भाग अनुसूचित क्षेत्रांना लागू होणार नाही, असे ते सांगते. म्हणजे अक्राणीपुरती ही दुरुस्ती दारापर्यंत येऊन थांबली. मात्र अपवाद आणि फेरफार करून ती तिथे नेण्याची मुभा संसदेला त्याच कलमात आहे, आणि असा कायदा घटनादुरुस्ती मानला जाणार नाही असेही तिथेच म्हटले आहे. दिलीपसिंह भुरिया समितीच्या अहवालानंतर २४ डिसेंबर १९९६ ला आलेला ‘पेसा’ तो हाच. महाराष्ट्राचे पेसा नियम आले मार्च २०१४ मध्ये. दोन तारखांचे गणित इथे वाचकाने स्वतः करावे.

पेसाने काय बदलले, ते ‘गाव’ या एका शब्दात दिसते. महसुली दप्तरात गाव एक असते. सातपुड्यात त्याच गावाचे पाडे डोंगराच्या सोंडांवर विखुरलेले असतात आणि एका पाड्यावरून दुसऱ्यावर जायला ओढा-टेकडी ओलांडावी लागते. पेसाच्या व्याख्येत परंपरेप्रमाणे आपला कारभार चालवणारी वस्ती किंवा पाडा हेसुद्धा गाव होऊ शकते. त्यासाठी पाड्यातल्या मतदारांनी ठराव करायचा आणि उपविभागीय अधिकाऱ्याकडे पाठवायचा. शिवाय अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींची अध्यक्षपदे पेसाने अनुसूचित जमातींसाठी राखली. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ही तरतूद वैध ठरवली.

अभ्यासकांसाठी मोकळे रानही बरेच आहे. शहरांसाठीच्या ७४ व्या दुरुस्तीतही असाच अपवाद आहे, पण तिच्यासाठी पेसासारखा कायदा संसदेने अजून केलेला नाही. मग अनुसूचित क्षेत्रातच असलेल्या धडगावची नगरपंचायत घटनेच्या कोणत्या पायावर उभी आहे? दुसरा पेच २०२१ चा. एकूण आरक्षण ५० टक्क्यांपुढे नेऊन इतर मागासवर्गाला जागा देता येणार नाहीत, असा निकाल आला. २०११ च्या जनगणनेत सुमारे ६९ टक्के आदिवासी असलेल्या या जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या त्या जागा गेल्या आणि ऑक्टोबरमध्ये पोटनिवडणूक झाली. इथे एका समूहाचे संरक्षण दुसऱ्याच्या वाट्याशी भिडते. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय मत बनवू नये.

हक्कांच्या प्रकरणाचा नायक जंगल आहे. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने वने राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेली. त्या आधारावर १९८० चा केंद्राचा वनसंवर्धन कायदा आला आणि पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन नियमित करून घेणे आणखी अवघड झाले. २००६ च्या वनहक्क कायद्याने ती चूक कबूल केली आणि दावे तपासण्याची सुरुवात ग्रामसभेपासून केली. पण कायदे आपोआप येत नाहीत. १९७० च्या दशकात शहाद्यात अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांनी गेलेल्या जमिनींसाठी लढा दिला नसता, तर या प्रकरणाची निम्मी पाने कोरी राहिली असती.

म्हणून माझे मत स्पष्ट सांगतो. घटनादुरुस्ती संसदेत मंजूर होते, पण पुरी होते ती ग्रामसभेत. नव्या अभ्यासकाचे या विषयात स्वागत आहे. कायद्याची पदवी हवीच असे नाही, पावरी किंवा मावची समजत असेल तर तुम्ही आमच्या चार पावले पुढेच आहात. एकच विनंती. हे पुस्तक मिटल्यावर एखाद्या ग्रामसभेच्या दिवशी पाड्यावर जा आणि ठरावाची वही मागून पाहा. ठराव कोणी मांडला, सह्या किती, अंगठे किती, तो कोणत्या कार्यालयात गेला आणि उत्तर आले की नाही, एवढे टिपून आणा. या पुस्तकाचे पुढचे प्रकरण त्यातूनच लिहावे लागेल.