भाता आणि लगाम

लोहाराचा भाता ज्याने पाहिला आहे त्याला एक गोष्ट निराळी समजावून सांगावी लागत नाही. निखाऱ्यांवर वारा घातला की आच वाढते. पण तो किती घालावयाचा हे भात्याला कळत नसते, लोहाराला कळावे लागते. मोटारीच्या टर्बो इंजिनाचा इतिहास हा या दोन गोष्टींचा इतिहास आहे. भाता मनुष्याला लवकर सापडला. त्याला लगाम घालण्याची विद्या यावयास मात्र पाऊणशे वर्षे लागली.

हा विषय आज घेण्याचे कारण असे. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, जपान आणि युरोपातील अनेक देशांत जुन्या टर्बो गाडीतील कारखान्याची मोहरबंद पेटी काढून टाकावयाची आणि तिच्या जागी आपल्या हाताने आकडे भरता येतील असा स्वतंत्र संगणक बसवावयाचा, हा हौशी लोकांचा उद्योग गेली तीसचाळीस वर्षे चालू आहे. बाहेरून पाहणाऱ्याला हा निव्वळ वेगाचा नाद वाटतो. आम्हांस त्यात एक जुना प्रश्न दिसतो. शक्ती वाढविण्याचे साधन ज्याच्या हाती येते, त्याच्या हाती ती आवरण्याची विद्याही आपोआप येते काय?

प्रथम भात्याची गोष्ट पाहू. इंजिनाच्या सिलिंडरात जितकी हवा मावेल तितकेच इंधन नीट जळू शकते. म्हणून शक्ती वाढवावयाची तर इंजिन मोठे करावे, किंवा त्याच इंजिनात अधिक हवा कोंबावी, असे दोनच सरळ मार्ग उरतात. दुसरीकडे, जळलेल्या इंधनाच्या उष्णतेपैकी सुमारे एक तृतीयांश भाग धुरावाटे फुकट जातो. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली या दोन गोष्टींची सांगड घातली. बाहेर पडणाऱ्या धुरावर एक चक्र फिरवावयाचे आणि त्याच आसावरच्या दुसऱ्या चक्राने ताजी हवा आत दाबावयाची, अशी ही कल्पना. म्हणजे चुलीच्या धुरानेच भाता चालवावयाचा. ब्यूखीने तिचे पेटंट घेतले; पण त्या काळचे धातू इतका ताप सोसणारे नव्हते, त्यामुळे ती प्रत्यक्षात यावयास बरीच वर्षे गेली.

तिचा उपयोग प्रथम उंचीवर झाला. विमान जसजसे वर जाते तसतशी हवा विरळ होते आणि इंजिन धापा टाकू लागते. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ साली कोलोरॅडोमधील पाइक्स पीक या चौदा हजार फुटांहून उंच शिखरावर एक लिबर्टी विमान-इंजिन नेऊन बसविले. सपाटीवर सुमारे ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन शिखरावर २३० वर आले. टर्बो जोडताच ते ३५६ वर गेले. प्रयोग यशस्वी ठरला. पण येथे एक बारकावा ध्यानात ठेवावयास हवा. डोंगरावर टर्बोने गेलेली हवा परत आणली होती. सपाटीवर धावणाऱ्या मोटारीला तो निसर्गाने दिलेल्यापेक्षा जास्त हवा देतो, आणि खरी अडचण तेथूनच सुरू होते.

या अडचणीला गॅरेजमध्ये ‘नॉकिंग’ म्हणतात. पेट्रोल इंजिनात प्लगची ठिणगी पडली की ज्योत एका बाजूने सुरू होऊन क्रमाने पसरत जाते. पण आतले मिश्रण फार दाबले व तापले, तर ज्योत पोचण्यापूर्वीच कोपऱ्यातले उरलेले मिश्रण आपोआप आणि एकदम पेट घेते. पिस्टनवर हातोडीचा घाव बसावा तसा आवाज येतो. असे घाव बसत राहिले की पिस्टनच्या माथ्याला खड्डे पडतात, कडा तुटतात. शेवटी इंजिन निकामी होते. उपाय सर्वांना ठाऊक होते: हवेचा दाब कमी करा, ठिणगी उशिरा पाडा, इंधन जास्त सोडा, किंवा आत जाणारी हवा थंड करा. मात्र कोणता उपाय, कोणत्या क्षणी आणि किती, हे ठरविणारा कोणी इंजिनापाशी बसलेला नव्हता. मोटारीतील पुढच्या साऱ्या खटपटी त्याच्या शोधासाठी झाल्या.

१९६२ साली अमेरिकेत जनरल मोटर्सने टर्बो लावलेल्या दोन मोटारी विक्रीस आणल्या. त्यांपैकी ओल्डस्मोबिल जेटफायरची कथा बोधप्रद आहे. साडेतीन लिटरचे तिचे इंजिन २१५ अश्वशक्ती देई. नॉकिंग टाळण्यासाठी तिला पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण पाजण्याची योजना होती, आणि त्याला ‘टर्बो-रॉकेट फ्लुइड’ असे भारदस्त नाव दिले होते. टाकी रिकामी झाली तर हवेचा दाब आपोआप उतरावा अशीही सोय होती. रचना हुशारीची खरीच. पण तिचा पाया गिऱ्हाइकाच्या शिस्तीवर होता. लोक पेट्रोल भरीत आणि ते दुसरे पाणी भरावयास विसरत. मग गाडी मंद झाली म्हणून तक्रार करीत. दोन वर्षांत दहा हजारांहून कमी गाड्या तयार झाल्या आणि ते प्रकरण मिटले. पुढे कित्येक मालकांनी टर्बो काढून साधा कार्बोरेटर बसवून घेतला.

जर्मनीत बीएमडब्ल्यूने १९७३ साली ‘२००२ टर्बो’ आणली, तेव्हा दुसरा मार्ग धरला. सिलिंडरातला मुळातला दाबच उतरविला. संपीडनाचे प्रमाण ६.९ वर आणले. त्यामुळे इंजिन वाचले. पण टर्बो जागा होईपर्यंत गाडी आळशी, आणि जागा होताच ती एकदम उसळणार. त्यातच त्याच साली तेलाचे संकट कोसळले. जेमतेम १,६७२ गाड्या बनल्या. जेटफायरने लगाम मालकाच्या आठवणीवर सोपविला होता, या गाडीने तो कायमचा आवळून बांधला. प्रसंग पाहून सोडणारा आणि आवरणारा हात दोहींपाशी नव्हता.

तो हात विजेच्या शास्त्राने दिला. अमेरिकेत बेंडिक्स कंपनीने १९५७ च्या सुमारास विजेने इंधन सोडण्याची पद्धत काढली होती; त्या वेळच्या सुट्या भागांच्या कच्चेपणामुळे ती टिकली नाही. जर्मनीच्या बॉश कंपनीने ती कल्पना पुढे नेऊन १९६७ साली फोक्सवॅगन १६०० मध्ये डी-जेट्रॉनिक या नावाने बसविली. तिला निमित्त झाले अमेरिकेतील धुरावरच्या निर्बंधांचे. स्वच्छ हवेच्या कायद्यानेच मोटारीत इलेक्ट्रॉनिक मेंदूला वाट करून दिली, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावी. १९७९ साली बॉशच्याच मोट्रॉनिकने इंधन आणि ठिणगी या दोहोंचा हिशेब एका पेटीत आणला.

पेटीला कान फुटले तेही याच सुमारास. ब्यूइकने १९७८ साली नॉकिंगचा कंप ऐकणारे यंत्र इंजिनाला जोडले. घाव ऐकू आला की ठिणगी उशिरा पडे. स्वीडनच्या साब कंपनीत पेर यिलब्राँड यांच्या हाताखाली तयार झालेली आणि १९८२ च्या सुमारास गाड्यांत आलेली एपीसी पद्धत त्याहून पुढे गेली. कंप जाणवताच ती धुराची एक झडप उघडून टर्बोचा वेगच उतरवी. पेट्रोल हलके असो की भारी, इंजिन स्वतःच ऐके आणि स्वतःच आवरे. भाता आणि लोहार प्रथमच एका ठिकाणी आले. १९८३ साली नेल्सन पिके याने बीएमडब्ल्यूच्या दीड लिटरच्या टर्बो इंजिनावर फॉर्म्युला वनचे जगज्जेतेपद मिळविले, तेव्हा त्या इंजिनाचा हिशेबही अशाच अंकीय पेटीकडे होता.

आता हौशी माणसाकडे येऊ. कारखान्यातून आलेली पेटी एका विशिष्ट इंजिनासाठी भरलेली असते. मालकाने टर्बो मोठा बसविला, इंधनाचे इंजेक्टर बदलले, की तिचे सारे आकडे खोटे पडतात. कित्येक गाड्यांत हवा मोजणारे यंत्रच आपल्या मापाच्या पलीकडे जाते. आरंभी लोकांनी युक्त्या लढविल्या. कोणी इंधनाचा दाब वाढविला, कोणी जादा इंजेक्टर जोडला, कोणी पेटीतील स्मृतीची चकती बदलली. हे म्हणजे चुकीच्या घड्याळात रोज दहा मिनिटे मिळवून वेळ सांगण्यासारखे होते. मग सबंध पेटीच बदलण्याचा विचार पुढे आला. ऑस्ट्रेलियात हॅलटेक ही कंपनी १९८६ साली आणि मोटेक १९८७ साली निघाली. अमेरिकेत ब्रूस बाउलिंग आणि अल ग्रिपो यांनी २००१ च्या सुमारास ‘मेगास्क्वर्ट’ हा संच काढला. तो घेणाऱ्याने स्वतःच डाग देऊन जोडावयाचा होता. जी विद्या मोठ्या कारखान्यांच्या भिंतीआड होती ती घरच्या टेबलावर आली, आणि आमच्या मते ही साधी घटना नव्हे.

या पेटीच्या पोटात असते तरी काय? मुख्यतः एक तक्ता. आडव्या रांगेत इंजिनाचे फेरे, उभ्या रांगेत हवेचा दाब, आणि प्रत्येक घरात एक आकडा: इतके इंधन. दुसऱ्या तशाच तक्त्यात ठिणगी कधी पाडावयाची ते असते. दातेरी चाकावरचा एक दात मुद्दाम वगळलेला असतो. ती मोकळी जागा समोरून गेली की क्रँक नेमका कोठे आहे हे पेटीला समजते. मिनिटाला सहा हजार फेरे असले तर क्रँक एका सेकंदाच्या हजाराव्या भागात ३६ अंश फिरतो, आणि चार सिलिंडरांच्या इंजिनात सेकंदाला दोनशे ठिणग्या पडतात. इतके निर्णय माणसाने घेणे शक्य नाही. पण त्यांमागचा प्रत्येक आकडा मात्र माणसानेच भरलेला असतो.

तो भरण्याची रीतही सावधपणाची आहे. वायरिंग पुरे झाल्यावर प्रथम टायमिंग-लाइट लावून पेटी सांगते त्याच क्षणी ठिणगी पडते की नाही हे ताडून पाहावयाचे. नंतर इंजिन संथ चालवावयाचे, मग हलक्या ओझ्यावर, आणि सर्वांत शेवटी टर्बोचा दाब थोडाथोडा चढवावयाचा. पेट्रोल पुरते जळण्यास एका भागास सुमारे १४.७ भाग हवा लागते. दाबाखाली मात्र हे प्रमाण बारापर्यंत किंवा त्याखालीही आणतात, कारण जादा इंधन आतला ताप उतरविते. ठिणगी आधी पाडली तर शक्ती वाढते, पण काही अंशांपलीकडे घाव सुरू होतात. जाणता मिस्त्री त्या कडेच्या अलीकडे थांबतो. अजाण मनुष्य कड कोठे आहे हे पाहावयास जातो, आणि ती इंजिन फुटल्यावरच सापडते. अति तेथे माती ही म्हण येथे शब्दशः खरी ठरते.

आणि कारखान्याच्या त्या मोहरबंद पेटीत शक्तीखेरीज आणखी पुष्कळ काही होते. गोठलेल्या सकाळी गाडी सुरू व्हावी, भर उन्हाळ्याच्या घाटात ती तापू नये, पंपावर हलके पेट्रोल मिळाले तरी पिस्टन वाचावा, धूर शुद्ध करणारी भांडी वर्षानुवर्षे टिकावीत, यांसाठी अभियंत्यांनी महिनोन्‌महिने केलेल्या चाचण्या तिच्यात आकड्यांच्या रूपाने साठविलेल्या असतात. ती पेटी काढून टाकणारा मनुष्य हे सारे काढून टाकतो. त्यातले किती परत भरावयाचे हे त्याच्या विवेकावर राहते. शर्यतीच्या मैदानावर त्याची चूक त्याच्याच खिशाला भोवते. रस्त्यावर तिचा धूर शेजाऱ्याच्या छातीत जातो. म्हणूनच अमेरिकेत धूर शुद्ध करणारी साधने निकामी करणे कायद्याने गुन्हा आहे. आपल्याकडेही मूळ उत्पादकाने नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला.

यावर कोणी म्हणेल, तर मग पेट्या बंदच असू द्या. शहाणपण कारखान्याकडे राहू द्या. हे उत्तर पुरे पडत नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये उघडकीस आले की, फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतील पेटीत असा हिशेब भरला होता की तपासणी चालू आहे हे ओळखून ती धूर स्वच्छ ठेवी आणि एरवी रस्त्यावर तो मोकळा सोडी. जगभरच्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ही योजना होती. म्हणजे मोहर ही सचोटीची हमी नव्हे. आकडे कोणाला दिसत नव्हते, म्हणूनच लबाडी इतकी वर्षे खपली; आणि ती पकडली गेली ती प्रत्यक्ष रस्त्यावर धूर मोजणाऱ्या स्वतंत्र संशोधकांमुळे.

तेव्हा उघडी पेटी की बंद पेटी, असा हा वाद नाही असे आम्हांस वाटते. ब्यूखीपासून आजच्या हौशी माणसापर्यंत प्रत्येकाला भाता मिळाला. टिकले ते इंजिन, ज्याच्या धन्याने भात्याइतकेच कष्ट लगामासाठी घेतले. उघड्या पेटीने सामान्य माणसाला ते आकडे वाचावयाची आणि बदलावयाची संधी दिली, हा मोठा लाभ आहे. पण ती संधी जबाबदारीनिशी येते. ज्याला तक्त्यातील प्रत्येक आकड्याचे कारण सांगता येते, आणि आपल्या गाडीचा धूर मोजून घ्यावयास जो कचरत नाही, त्याने ती पेटी खुशाल उघडावी. बाकीच्यांनी आधी काही दिवस जाणत्या मिस्त्रीजवळ उभे राहून इंजिन ऐकावयास शिकावे.