कुंभारीची वसाहत व उतारवयातील श्रम

सोलापुराहून अक्कलकोटच्या वाटेने जाताना लागणारे कुंभारी हे गाव विडी कामगार भगिनींच्या विशाल वसाहतीमुळे सर्वांस परिचित आहे. श्री. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालील चळवळीतून येथे दहा हजार घरांची कॉम्रेड गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली व २००६ साली तिचे उद्‌घाटन झाले. श्रमणाऱ्या स्त्रीस हक्काचे घर लाभले. पण तिच्या वार्धक्याचे काय, हा प्रश्न मात्र उरलाच.

सोलापुरात विडीचा धंदा वाढला, त्यात तेलंगणातून येथे आलेल्या विणकर कुटुंबांतील स्त्रियांचा वाटा मोठा आहे. पुरुष मागावर व स्त्री विड्यांच्या सुपापुढे, असा अनेक घरांचा संसार चालला. कारखान्यातून पाने व तंबाखू आणावयाची, घरी विड्या वळावयाच्या व मजुरी हजारी हिशेबाने घ्यावयाची, अशी ही रीत. वरकरणी येथे वयाचा भेद नाही. तरुणीस व आजीस दर एकच. परंतु दृष्टी मंदावली, बोटांची चपळाई ओसरली, की हजार पुरे होण्यास दुप्पट वेळ लागतो व खराब ठरणाऱ्या विड्याही वाढतात. वृद्धेस कोणी काढून टाकीत नाही. तिची मिळकतच हळूहळू तिला निरोप देते.

कायदा उदासीन होता असे नव्हे. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने सहा महिने काम केलेल्यास सबळ कारण व एक महिन्याची सूचना यांवाचून काढण्यास मनाई केली. १९७७ मध्ये भविष्यनिर्वाह निधी या धंद्यास लागू झाला. घरी विड्या वळणारी स्त्रीही त्यास पात्र आहे, असा निर्वाळा पुढे सर्वोच्च न्यायालयाने दिला. १९९५ च्या योजनेने दहा वर्षांच्या सेवेनंतर ५८ व्या वर्षी निवृत्तिवेतनाची सोय केली व २०१४ मध्ये त्याची किमान रक्कम दरमहा हजार रुपये ठरली. जो हजाराचा आकडा तरुणपणी दिवसाच्या कामाचे माप होता, तोच म्हातारपणी महिन्याच्या निर्वाहाचे माप ठरावा, हा केवढा दैवदुर्विलास!

राज्यघटनेच्या १५ व १६ व्या कलमांत जात, धर्म, लिंग यांवरून भेद करण्यास मनाई आहे. वयाचा उल्लेख तेथे नाही. ४१ वे कलम वार्धक्यात साहाय्याचे आश्वासन देते, परंतु ते न्यायालयातून वसूल करता येत नाही. म्हणून बंधुभगिनींनो, आपल्या मातेचे ओळखपत्र, निधीचा क्रमांक व जन्मतारखेची नोंद ५८ वे वर्ष उजाडण्यापूर्वीच तपासून ठेवा. जिच्या बोटांनी आपले शिक्षण झाले, तिचा हिशेब चोख ठेवणे हे आपले कर्तव्य होय.