आधुनिक व्हिडिओ गेमच्या रचनेतील स्वागतार्ह प्रवाह : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

खेळ हे मानवी संस्कृतीचे एक प्राचीन अंग आहे. तथापि इतिहासलेखनात राज्ये, युद्धे, करपद्धती आणि धर्मसंप्रदाय यांना जे स्थान मिळाले, ते खेळांना क्वचितच लाभले. व्हिडिओ गेमच्या बाबतीत तर ही उपेक्षा अधिकच जाणवते. महाविद्यालयीन वर्तुळात त्याचा उल्लेख बहुधा तक्रारीच्या स्वरातच होतो. विद्यार्थ्यांचा वेळ वाया जातो, वाचन सुटते, डोळे बिघडतात आणि प्रसंगी पैसाही जातो, ही ती तक्रार होय. ती निराधार नाही. परंतु तिच्यात एक गफलत आहे. मोबाईलच्या पडद्यावर जे जे हलते त्या सर्वांस आपण एकच नाव देतो आणि एकाच मापाने मोजतो. परिणामी जुगार आणि खेळ, शोषण आणि सर्जन यांतील सीमारेषा पुसली जाते.

प्रस्तुत लेखात व्हिडिओ गेमच्या रचनेचा, म्हणजे त्याच्या नियमांचा इतिहास थोडक्यात मांडून गेल्या सुमारे पंधरा वर्षांतील काही स्वागतार्ह प्रवाहांची नोंद घेतली आहे. खेळाचे मूल्य त्याच्या चित्रांवरून किंवा विक्रीच्या आकड्यांवरून ठरत नाही. ते त्याच्या नियमांत दडलेले असते, हे या लेखाचे गृहीतक आहे. विवेचनासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून शेवटी या प्रवाहांचा बीड जिल्ह्याशी असलेला संबंध तपासला आहे.

पटापासून पडद्यापर्यंत :

नियमांतून मूल्ये व्यक्त करण्याची कल्पना आपणास नवी नाही. सापशिडी या नावाने आज परिचित असलेल्या खेळाचे मूळ रूप महाराष्ट्रात मोक्षपट या नावाने ओळखले जाते. परंपरेने त्याचे कर्तृत्व संत ज्ञानेश्वरांकडे दिले जाते. या परंपरेस समकालीन लेखी पुरावा नाही आणि उपलब्ध पटांपैकी बहुतेक पुष्कळ नंतरच्या काळातील आहेत. म्हणून इतिहासाच्या अभ्यासकाने श्रद्धा आणि पुरावा यांतील अंतर राखलेच पाहिजे. मात्र पटाची रचना स्वतःच बोलकी आहे. त्यातील घरांना सद्गुणांची व दुर्गुणांची नावे आहेत. शिडी सद्गुणाच्या घरातून वर जाते, सापाचे तोंड दुर्गुणाच्या घरात असते आणि अंतिम घर मोक्षाचे असते. शिकवण येथे सांगितली जात नाही. कवड्या टाकत, चढत आणि घसरत ती अनुभवास येते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडमध्ये गेला. तेथे प्रारंभी व्हिक्टोरियन नीतिकल्पना त्यावर चढल्या आणि पुढे त्याही गळून केवळ आकडे व रंगीत चित्रे उरली. तोच आकड्यांचा पट परत येऊन आपल्या घरोघरी पोहोचला. खेळाचा आराखडा टिकला, परंतु अर्थ हरवला. पुढील विवेचनात ही घटना ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरेल.

नाण्यावर चालणारी रचना :

संगणकीय खेळांचा प्रारंभ प्रयोगशाळांत झाला. अमेरिकेतील ब्रूकहेवन प्रयोगशाळेत १९५८ मध्ये पाहुण्यांच्या करमणुकीसाठी टेनिसचा एक साधा खेळ तयार करण्यात आला होता. १९६२ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील तरुणांनी ‘स्पेसवॉर’ हा खेळ रचला. या दोन्हींमागे व्यापारी हेतू नव्हता. १९७२ मध्ये अटारी कंपनीचा ‘पाँग’ आला आणि १९७८ मध्ये जपानमधून ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आला. आता यंत्रात नाणे टाकल्यावर खेळ सुरू होऊ लागला.

नाण्याने खेळाचे नियमच बदलले. खेळाडू जितका लवकर हरेल तितके दुसरे नाणे लवकर पडेल, हा व्यवसायाचा हिशेब होता. म्हणून वेग वाढत जाणे, मोजकेच ‘जीव’ मिळणे आणि हरल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणे, या बाबी रचनेचा भाग बनल्या. त्या काळातील कठीणपणा हा अंशतः कौशल्याची कसोटी होता, तर अंशतः गल्ल्याची गरज होती. घरगुती यंत्रे आल्यावर ही सक्ती सैल झाली. १९८६ मध्ये जपानमध्ये आलेल्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ या खेळात खेळलेला भाग जतन करून दुसऱ्या दिवशी पुढे सुरू करता येत असे. ही सोय आज क्षुल्लक वाटते. पण तिच्यामुळेच दीर्घ कथा सांगणारा खेळ शक्य झाला.

आपल्याकडे हा इतिहास काहीसा उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी पोहोचला. शहरांतील व्हिडिओ पार्लर, दूरचित्रवाणी संचाला जोडायची खेळयंत्रे, १९९७ पासून नोकियाच्या मोबाईलवर आलेला सापाचा खेळ आणि मग इंटरनेट, अशी त्याची वाटचाल झाली. १९९९ मध्ये विशाल गोंडल यांनी मुंबईत ‘इंडियागेम्स’ ही कंपनी स्थापन केली. साध्या मोबाईलवर चालतील असे छोटे खेळ बनविणाऱ्या आरंभीच्या भारतीय कंपन्यांत तिची गणना होते. या काळातील भारतीय उद्योगाचा मोठा भाग परदेशी कंपन्यांसाठी चित्रे व सुटे भाग करून देण्यात गुंतलेला होता. कौशल्य आपले असले तरी कथा व नियम दुसऱ्यांचे होते.

स्वागतार्ह प्रवाह :

पहिला प्रवाह सर्वसमावेशकतेचा आहे. पूर्वी खेळ एका विशिष्ट शरीराचा खेळाडू गृहीत धरून रचला जाई. त्याचे दोन्ही हात चपळ, दृष्टी निर्दोष आणि श्रवण तीक्ष्ण असे मानले जाई. हे गृहीतक आता मोडू लागले आहे. २०१५ मध्ये फ्रान्समध्ये ‘अ ब्लाइंड लेजंड’ हा केवळ ध्वनीवर आधारलेला, दृष्टिहीन व्यक्तीस खेळता येणारा खेळ तयार झाला. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने मर्यादित हालचाल असलेल्या व्यक्तींसाठी स्वतंत्र नियंत्रक बाजारात आणला. २०२० मधील ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ या खेळात सुगम्यतेच्या साठहून अधिक सोयी होत्या. त्या खेळातील हिंसेविषयी मतभेद असू शकतात. परंतु दिव्यांग खेळाडूचा विचार शेवटी जोडलेले ठिगळ न राहता आराखड्याचा भाग होऊ शकतो, हे त्याने सिद्ध केले. २०१८ च्या ‘सेलेस्ट’मध्ये तर खेळाचा वेग कमी करण्याची मुभा खेळाडूसच दिलेली आहे. नाण्याच्या युगातील सक्तीचा कठीणपणा येथे ऐच्छिक झाला.

दुसरा प्रवाह सामान्य माणसास केंद्रस्थानी आणण्याचा आहे. पोलंडमध्ये २०१४ साली निर्माण झालेला ‘धिस वॉर ऑफ माइन’ हा युद्धावरचा खेळ आहे. पण त्यात खेळाडू सैनिक नसतो. वेढ्यात अडकलेल्या शहरातील नागरिकांना त्याला जगवावे लागते. अन्न कोणाला द्यावे, औषध कोणाचे घ्यावे, चोरी करावी की उपाशी राहावे, असे निर्णय त्याच्यासमोर येतात. १९९२ ते १९९६ या काळातील सारायेव्होच्या वेढ्यातून त्याची प्रेरणा घेतलेली आहे. २०२० मध्ये पोलंड सरकारने या खेळाचा शालेय पूरक वाचनाच्या यादीत समावेश करण्याचे जाहीर केले. मोक्षपटात गती दैवाच्या कवड्यांवर अवलंबून होती. येथे ती खेळाडूच्या निर्णयावर अवलंबून आहे. नियमातून नैतिक अनुभव देण्याचे सूत्र मात्र दोहोंत समान आहे.

तिसरा प्रवाह स्थानिक कथा व भाषा यांचा आहे. अलास्कातील आदिवासी समाजांच्या एका संस्थेने पुढाकार घेऊन २०१४ मध्ये ‘नेव्हर अलोन’ हा खेळ घडविला. त्याचे निवेदन इन्युपियाक भाषेत आहे. ही भाषा बोलणारे लोक अल्पसंख्य आहेत, तरीही खेळाच्या निर्मात्यांना ती अडचण वाटली नाही. २०२३ मध्ये टोरांटोतील एका छोट्या संस्थेने ‘वेण्बा’ हा खेळ आणला. कॅनडात स्थायिक झालेले तमिळ कुटुंब, आईच्या पाककृतींची जीर्ण वही आणि मुलाच्या जिभेवरून निसटत जाणारी मातृभाषा, हा त्याचा विषय आहे. २०२४ मध्ये त्यास पदार्पणातील खेळासाठीचा बाफ्टा पुरस्कार मिळाला.

या प्रवाहातील महाराष्ट्राचे उदाहरण म्हणजे पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेचा ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ हा खेळ होय. असुरांनी पळविलेल्या लहान भावाचा शोध घेणारी डोंबारी खेळ करणारी मुलगी ही त्याची नायिका असून कथेचे निवेदन दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून होते. लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा या संस्थेचा प्रयत्न उद्दिष्टापर्यंत पोहोचला नव्हता. तरीही काम चालू राहिले आणि ऑगस्ट २०२० मध्ये खेळ प्रकाशित झाला. त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’ या जागतिक पुरस्कारांत पदार्पणाच्या विभागात त्यास नामांकन मिळाले. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी संवादांची भर पडली. दुसऱ्यांच्या खेळांचे सुटे भाग करणाऱ्या देशातून स्वतःची कथा सांगणारा खेळ पुढे आला, हे त्याचे ऐतिहासिक महत्त्व आहे.

चौथा प्रवाह लहान निर्मात्यांचा आहे. ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीवरील खेळ एरिक बॅरोन या एकाच तरुणाने सुमारे साडेचार वर्षे खपून २०१६ मध्ये पूर्ण केला. चित्रे, संगीत व आज्ञावली ही सर्व त्याचीच होती. मोठे भांडवल नसले तरी खेळ निर्माण होऊ शकतो, याचा हा पुरावा होय. मराठवाड्यातील वाचकास मात्र त्या खेळात एक उणीव जाणवेल. तेथील शेतीत दुष्काळ नाही.

प्रतिप्रवाह :

या प्रवाहांबरोबरच नाण्याचे तत्त्वही नव्या रूपात परतले आहे. आत काय आहे हे न कळता पैसे देऊन उघडायच्या पेट्या अनेक खेळांत आल्या. २०१७ मध्ये ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट टू’ या खेळावरून याविरुद्ध मोठी ओरड झाली आणि २०१८ मध्ये बेल्जियमने अशा पेट्यांना जुगार ठरविले. भारतात पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या पत्त्यांच्या व तत्सम अॅपमुळे अनेक कुटुंबे कर्जात बुडाली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैशांच्या खेळांवर बंदी घातली आणि ई-क्रीडा व सामाजिक खेळ यांना त्यांपासून वेगळे केले. द्यूत आणि क्रीडा हा भेद आपल्या परंपरेत जुनाच आहे. कायद्याने तो नव्याने मान्य केला. अध्यापकांनीही विद्यार्थ्यांशी बोलताना तो मान्य करणे आवश्यक आहे.

बीड जिल्ह्याच्या संदर्भात :

बीडहून धाराशिवकडे जाणाऱ्या महामार्गावर वसलेल्या चौसाळ्यात दसरा-दिवाळीनंतर ऊसतोड मजुरांची वाहने जाताना दिसतात. मुकादमाकडून घेतलेली उचल, नवरा-बायको मिळून होणारा एक ‘कोयता’, पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील फड, पाचटाची खोपी आणि सोबत नेलेल्या मुलांची अर्धवट सुटणारी शाळा, हे या जिल्ह्याचे वास्तव होय. कथा, कादंबरी व चित्रपट यांनी त्याची थोडीफार दखल घेतली आहे. पण या जगण्यातील कोंडी हीच मुळात निर्णयांची कोंडी आहे. उचल किती घ्यावी, मुलीस हंगामी वसतिगृहात ठेवावे की धाकट्याला सांभाळण्यासाठी सोबत न्यावे, आजारपणात खाडा करावा की ताप अंगावर काढावा, असे प्रश्न त्या कुटुंबापुढे असतात. कोणताही पर्याय निवडला तरी किंमत मोजावीच लागते. वेढ्यातील नागरिकांचे जिणे खेळातून जगाला कळू शकते, तर फडावरच्या कुटुंबाचे का कळू नये?

असा खेळ मराठीत, बीडच्या बोलीत होणे हे स्वप्नरंजन नव्हे. त्यासाठी लागणारी अनेक साधने आज विनामूल्य उपलब्ध आहेत. २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने अॅनिमेशन व गेमिंग क्षेत्रासाठी स्वतंत्र धोरणही मंजूर केले. मात्र धोरणाचा लाभ केवळ मुंबई-पुण्यापुरता राहू नये, यासाठी ग्रामीण महाविद्यालयांनी पुढे आले पाहिजे. मराठी विभागाने संवाद लिहावेत, समाजशास्त्र व इतिहास विभागांनी मजुरांच्या मुलाखती संकलित कराव्यात, संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आज्ञावली रचावी आणि ज्यांच्या घरची ही कथा आहे त्या विद्यार्थ्यांना नियम ठरविण्याचा अधिकार द्यावा. बहुविद्याशाखीय अध्ययनाचा पुरस्कार आपण नेहमी करतो. त्याचे इतके ठोस उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

निष्कर्ष :

१. खेळाचा इतिहास हा त्याच्या नियमांचा इतिहास आहे. मोक्षपटाचा अर्थ नियमांत होता. घरांची नावे पुसताच तो लोपला.

२. नाण्याच्या युगातील रचना खेळाडूच्या पराभवावर उभी होती. आजची उत्तम रचना खेळाडूच्या प्रतिष्ठेचा विचार करते. म्हणून ती स्वागतार्ह आहे.

३. जुगारी रचना हा आजच्या खेळांतील प्रतिप्रवाह असून त्यास विरोध करताना सर्वच खेळांना दोषी ठरविणे ऐतिहासिक दृष्ट्या अयोग्य आहे.

४. स्थानिक भाषा आणि सामान्य माणसाचे जीवन हे उत्तम खेळाचे विषय होऊ शकतात, हे अलास्का, टोरांटो आणि पुणे येथील उदाहरणांवरून सिद्ध झाले आहे.

समारोप :

मोक्षपट परदेशी गेला तेव्हा त्याचा अर्थ पुसला जात असल्याचे आपल्या लक्षात आले नाही आणि आकड्यांचा पट परत आला तेव्हा आपण तो विनातक्रार स्वीकारला. आज आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती जो पडदा आहे, त्यावरील घरांची नावेही इतर कोणी तरी लिहीत आहे. ती वाचण्याची दृष्टी विद्यार्थ्यांना देणे हे अध्यापकाचे पहिले काम आहे. त्यांतील काही घरांना तरी फड, खोपी आणि शाळा अशी आपली नावे मिळावीत, यासाठी प्रयत्न करणे हे त्याचे पुढचे काम होय.