कलम ५०४

गेल्या महिन्यात ताईनं मला चार पानांची एक पीडीएफ पाठवली. वर भाच्याचं नाव, खाली शीर्षक: '५०४ प्लॅन'. ताई आणि भावजी न्यू जर्सीत असतात. भाचा नऊ वर्षांचा आहे आणि दुसरीत असताना त्याला एडीएचडी असल्याचं निदान झालं. प्लॅनमध्ये लिहिलंय ते अगदी साधं. बसायला पुढचा बाक, खिडकीपासून लांब. सूचना एका वेळी एकच. परीक्षेला दीडपट वेळ, तीही कमी मुलं असलेल्या खोलीत. मधूनच उठून वर्गात मागे चक्कर मारली तर ओरडायचं नाही.

जूनमध्ये ते तिघं कायमचे पुण्याला येतायत. "हा कागद तिथं चालेल का?" एवढंच ताईनं विचारलं होतं. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून मला आधी भलताच प्रश्न पडला: ५०४च का? एरर कोड असावा असा हा आकडा (आमच्याकडे ५०४ म्हणजे सर्व्हरनं वेळेत उत्तर दिलं नाही!) एका मुलाच्या बाकाच्या जागेशी कसा जोडला गेला?

तर ५०४ हे अमेरिकेच्या १९७३च्या पुनर्वसन कायद्यातलं शेवटाकडचं एक कलम. कायदा मुळात अपंगांच्या रोजगार-प्रशिक्षणाचा. निक्सन यांनी त्याच्या आधीच्या मसुद्यांवर दोनदा नकाराधिकार वापरला आणि २६ सप्टेंबर १९७३ला अखेर सही केली. त्यात एक वाक्य होतं: केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही उपक्रमातून माणसाला केवळ अपंगत्वामुळे वगळता येणार नाही. शब्दरचना १९६४च्या नागरी हक्क कायद्यातून जवळजवळ उचललेली. संसदेत त्यावर फारशी चर्चा झाली नाही. आणि सरकारी शाळा केंद्राचा पैसा घेतात, म्हणजे त्या आपोआप या वाक्याच्या कक्षेत आल्या.

कायदा झाला, पण नियमावली निघेना, आणि नियमावलीशिवाय कलम म्हणजे नुसतं घोषवाक्य. साडेतीन वर्षं गेली, तीन राष्ट्राध्यक्ष झाले. ५ एप्रिल १९७७ला सॅन फ्रान्सिस्कोतल्या आरोग्य-शिक्षण खात्याच्या कार्यालयात दीडशेच्या आसपास माणसं शिरली आणि बाहेर पडायला तयार होईनात. कुणी व्हीलचेअरवर, कुणी अंध, कुणी कर्णबधिर. कित्येकांची औषधं घरी, मदतनीस बरोबर नाही, झोपायला फरशी. फोन तोडले तेव्हा कर्णबधिर आंदोलक खिडकीत उभे राहून खुणांच्या भाषेत खालच्या लोकांशी बोलायचे. ब्लॅक पँथर पक्षाची माणसं रोज गरम जेवण आणून द्यायची. त्यांच्यातला एक जण, ब्रॅड लोमॅक्स, मल्टिपल स्क्लेरोसिसमुळे व्हीलचेअरवर होता आणि तोही आत बसला होता. हे मी रात्री दोन वाजता वाचत होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळची मीटिंग चुकवली.

आंदोलनाच्या नेत्यांपैकी ज्यूडी ह्यूमन ही ब्रुकलिनची, लहानपणी पोलिओ झालेली. पाच वर्षांची असताना तिची व्हीलचेअर आगीच्या वेळी धोकादायक ठरेल असं म्हणून शाळेनं तिला प्रवेश नाकारला होता. पुढे ती शिक्षिका व्हायला गेली तर न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळानं परवाना नाकारला, तेव्हा १९७०मध्ये तिनं कोर्टात जाऊन तो मिळवला. २८ एप्रिल १९७७ला मंत्री जोसेफ कॅलिफानो यांनी नियमावलीवर सही केली.

या सगळ्यात एडीएचडी कुठेच नाही. असणार कसं? तेव्हा ते नावच नव्हतं. चुळबुळ्या मुलांचा वैद्यकीय उल्लेख मात्र जुना. लंडनच्या जॉर्ज स्टिल यांनी १९०२च्या व्याख्यानांमध्ये अशा मुलांचं वर्णन केलं, पण 'नैतिक नियंत्रणातला दोष' म्हणून. १९३७मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या एका बालरुग्णालयात चार्ल्स ब्रॅडली यांनी तपासणीनंतरच्या डोकेदुखीवर उतारा म्हणून मुलांना बेंझेड्रिन दिलं. डोकेदुखीत फारसा फरक पडला नाही, पण बरीच मुलं अचानक अभ्यासाला बसू लागली. मुलांनीच त्या गोळ्यांना 'गणिताच्या गोळ्या' असं नाव ठेवलं. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या सूचीत १९६८ला 'हायपरकायनेटिक रिअॅक्शन' आलं, १९८०ला एडीडी, १९८७ला एडीएचडी.

नाव मिळालं तरी शाळेचं दार उघडलं नाही. विशेष शिक्षणाचा वेगळा कायदा १९७५पासून होता. १९९०मध्ये तो सुधारताना ऑटिझमचा समावेश झाला, पण लक्ष न लागणाऱ्या मुलांचा नाही. पालक संघटना मागणी करत होत्या. विरोध करणाऱ्यांमध्ये शिक्षक आणि शाळांच्या संघटना तर होत्याच, पण कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणारेही होते. आधीच काळ्या मुलांना 'मंद' ठरवून वेगळ्या वर्गात टाकलं जातंय, आता आणखी एक शिक्का कशाला, ही त्यांची भीती. ती खोटी नव्हती. शिक्का मारणारा कोण यावर शिक्क्याचा अर्थ ठरतो, हे आपल्याकडे कुणाला वेगळं सांगायला नको.

शेवटी १६ सप्टेंबर १९९१ला शिक्षण खात्याच्या तीन विभागांनी मिळून एक पत्रक काढलं. अशी मुलं 'इतर आरोग्य-अडचणी' या जुन्याच वर्गात बसू शकतात आणि तिथं बसली नाहीत तरी ५०४ खाली येऊ शकतात, असा त्याचा मथितार्थ. गंमत म्हणजे त्या जुन्या वर्गाची व्याख्या 'सतर्कता कमी असणे' अशी होती. एडीएचडीचं मूल तर पंख्याच्या आवाजापासून शेजारच्याच्या पेन्सिलीपर्यंत सगळ्याला सतर्क! म्हणून १९९९च्या नियमांत व्याख्येला ठिगळ लावलं: आजूबाजूच्या गोष्टींबद्दल सतर्कता वाढल्यामुळे अभ्यासाबद्दलची सतर्कता कमी होणे. इतका सुंदर पॅच मी आजवर लिहिलेला नाही.

पण माझ्या मते खरी करामत ५०४चीच. त्यात आजारांची यादी नाही. जगण्याच्या एखाद्या मुख्य क्रियेत मोठी अडचण येते का, एवढंच ते विचारतं, आणि त्या क्रियांमध्ये 'शिकणे' १९७७च्या नियमावलीपासूनच होतं. २००८च्या दुरुस्तीत 'लक्ष एकाग्र करणे' हेही कायद्यात आलं. उणीव अशी की ५०४ बरोबर शाळेला पैसा मिळत नाही, त्यामुळे शाळा टंगळमंगळ करतात. ताईलाही तो कागद मिळवायला आठ महिने आणि पाच बैठका लागल्या.

आता पुणं. आपल्या १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६च्या कायद्यात एकवीस झाले. त्यात ऑटिझम आहे, अध्ययन-अक्षमता आहे. एडीएचडी हा शब्द नाही. महाराष्ट्रात दहावी-बारावीला अध्ययन-अक्षम मुलांना जादा वेळ वगैरे सवलती नव्वदच्या दशकापासून आहेत, पण त्या त्या नावाच्या प्रमाणपत्रावर. भाच्याचं वाचन उत्तम आहे. म्हणजे तो त्या रांगेतही नाही. ताईनं तीन शाळांना मेल केली. एकीचं उत्तरच नाही, दुसरीनं 'आमच्याकडे शिस्त आहे' असं कळवलं, तिसरीनं प्रमाणपत्र मागितलं, यादीतलं.

मी कायदा पुन्हा पुन्हा वाचला. यादी शेवटी, परिशिष्टात आहे. सुरुवातीला कलम २मध्ये 'अपंग व्यक्ती'ची व्याख्या मात्र मोकळी आहे: दीर्घकालीन शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा संवेदनांची उणीव आणि समोरचे अडथळे मिळून जिला इतरांच्या बरोबरीनं सहभागी होता येत नाही ती. आणि कलम १६ सरकारी मान्यता असलेल्या शाळांना सांगतं, की अशा मुलाला त्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी द्या. म्हणजे ५०४सारखी फट आपल्याकडेही आहे. तिसऱ्या शाळेला पाठवायच्या पत्रात मी हेच लिहिलंय, दोन पानं.

बाबांना ते पत्र वाचून दाखवलं. "तूही असाच होतास," ते म्हणाले. "सातवीत निम्मं वर्ष वर्गाबाहेर उभा होतास. झालास ना इंजिनिअर?" झालो. चार वर्षांची डिग्री सहा वर्षांत, हे ते विसरतात. बाहेर उभं राहून मला शाळेसमोरच्या रस्त्यावरच्या सगळ्या एसट्यांची वेळापत्रकं पाठ झाली होती आणि अपूर्णांक आजही नीट येत नाहीत, हे मी त्यांना पहिल्यांदाच सांगितलं. ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पत्राखाली आजोबा म्हणून मीपण सही करू का?"

काल व्हिडिओ कॉलवर भाचा सोफ्याच्या पाठीवर उलटा लटकून बोलत होता. "मामा, पुण्याच्या शाळेत वर्गाला खिडक्या असतात?"

"असतात की. मोठ्या, गजाच्या."

"मग मला कुठे बसवतील?"

पत्र सोमवारी जातंय.