पिंपाचं कूळ

आमच्या मोरीच्या कोपऱ्यात एक पत्र्याचं पिंप होतं. पहाटे नळ सुरू झाला की आई अंथरुणातूनच धारेचा आवाज ऐकत पडून राहायची. आवाज खोल असेतो निवांत. तो बारीक होत वर चढला की ती उठून नळ बंद करी. पिंप कधी सांडलं नाही.

इतकं घरचं भांडं, म्हणून त्याचं नावही घरचंच असणार असं मी धरून चाललो होतो. ते निघालं पोर्तुगीज. 'पिपा' म्हणजे लाकडी फळ्या कड्यांनी आवळून केलेलं, दारू साठवायचं पात्र. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतलं, १५३४ साली वसई त्यांच्याकडे गेली आणि तिथे ते १७३९ पर्यंत राहिले. चिमाजी अप्पांनी त्यांना वसईतून घालवलं, पण भांडी मागे राहिली. भांडी म्हटलं, कारण पिंप एकटं आलेलं नाही. घमेलं हे त्यांचं 'गामेला', बादली हे त्यांचं 'बाल्द'. पिंपातून बादलीत पाणी काढून घमेल्यात माल कालवणारा गवंडी सकाळभर पोर्तुगीजच वापरत असतो. आपण या शब्दांची लिंगंही आपल्या मर्जीनं बदलली: तिकडची 'ती पिपा' इकडे 'ते पिंप' झाली आणि तिकडचा 'तो बाल्द' इकडे 'ती बादली'. बादलीत तर ल आणि द यांनी जागाही बदलल्या. 'बालदी' म्हणणारे मूळ शब्दाच्या जास्त जवळ आहेत, त्यांना हसू नये.

पिपा हे मापही होतं. दोन पिपा म्हणजे एक 'तोनेल', आणि जहाज केवढं हे त्यात किती तोनेल मावतात यावरून सांगत. इंग्रजांचा हिशेबही तोच: दोन 'पाइप' मिळून एक 'टन', म्हणजे २५२ गॅलन दारूचं थोरलं पीप, साधारण साडेनऊशे लिटरचं. वजनाचा टन या पिपातूनच बाहेर आला. साखर कारखान्याच्या काट्यावर उसाचे टन मोजून घेणारा शेतकरी एका अर्थी पिंपंच मोजत असतो.

वर 'पाइप' म्हटलं ते चुकून नव्हे. लॅटिनमध्ये 'पिपारे' म्हणजे पाखराचं चिवचिवणं. त्या आवाजावरून वाजवायच्या पाव्याला 'पिपा' म्हणू लागले, पावा पोकळ म्हणून मग कुठल्याही नळीला, आणि नळीसारख्या लांबोळ्या लाकडी पात्रालाही. तेव्हा नळाचा पाइप आणि त्याखालचं पिंप ही सख्खी भावंडं. एक इंग्रजांबरोबर आलं, दुसरं पोर्तुगीजांबरोबर, आणि भेट झाली ती आमच्या मोरीत. जत्रेतली पिपाणी मात्र या कुळातली नव्हे. 'पीं पीं' ऐकायला मराठी कानांना लॅटिनची गरज नव्हती.

राहिला अनुस्वार. 'पिपा'त तो नाही, हिंदीच्या 'पीपा'तही नाही. मराठीत कुठून आला? हिंदीतला पीपल आपल्याकडे पिंपळ होतो, हे पाहिलं की वाटतं, आपल्या जिभेला दोन 'प'च्या मधे नाकातून जायची सवयच असावी. (पिंपरी गावाचा मात्र पिंपाशी संबंध नाही, ते झाडांच्या गोतावळ्यातलं नाव.) बिनअनुस्वाराचं 'पीप'ही मराठीत आहे, आणि ते कवी मर्ढेकरांनी अजरामर केलं. १९४७च्या 'काही कविता'मधली ती पिपातल्या उंदरांची कविता शिकवताना आमचे मास्तर 'पीप' म्हणत, आणि तास संपल्यावर शिपायाला 'पिंपात पाणी आहे का रे?' विचारत.

दारूचं पिंप आपल्याकडे रॉकेलचं झालं, डांबराचं झालं, लग्नाच्या मांडवात पाण्याचं झालं, आता तर तोटीवालं स्टीलचं पिंप ओट्यावर बसतं. आपणच त्याला दारू सोडायला लावली असं मला वाटे. पण पोर्तुगीज बोलणाऱ्या ब्राझीलमध्येही तसंच घडलंय. तिथल्या दुष्काळी ईशान्य भागात गावोगाव पाणी घेऊन जाणाऱ्या टँकरला म्हणतात 'कार्रु-पिपा', पिंपाची गाडी. मराठवाड्यात टँकर येतो तेव्हा पिंपं रस्त्याच्या कडेला रांगेत उभी असतात. तिकडे पिंपच टँकर होऊन येतं.